अजून किती कष्ट करू? एका धावपटू मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: सर, मी माण तालुक्यातली, अकरावीत शिकते, वय १७. ललिता बाबर ताईंसारखं स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, पळायचं आणि देशाची जर्सी घालायची हे माझं स्वप्न आहे. दोन वर्षं झाली, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर जीव तोडून पळते, साधारण २१ मिनिटांत. पण ३००० मीटरची वेळ कित्येक महिने ११ मिनिटं ४० सेकंदांवरच अडकलीय. हल्ली जिना चढतानाही दम लागतो, नडगी दुखते. घरचे म्हणतात, बारावीनंतर हे बंद. मी कष्टात कमी पडतेय का? अजून काय करू?

उत्तर:

कष्टात तू तसूभरही कमी पडत नाहीस. लांब पल्ल्याच्या मुलामुलींना शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं, आणि दुष्काळी पट्ट्यातून आलेली पोरं कष्टाला मागे हटलेली मी फारशी पाहिली नाहीत. ती अडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. रोज जीव तोडायचा, मग नडगी धरते, दोन महिने घरी बसायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशी तीन-चार वर्षं गेली की घरचे म्हणतात, पुरे आता. तुझ्या बाबतीत ते होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तू ज्यांचं नाव घेतलंस त्यांच्याकडेच बघू. ललिता बाबर तुझ्याच तालुक्यातल्या, मोहीच्या. सुरुवात खो-खोपासून. मग लांब पल्ला, मग मॅरेथॉन. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचं कांस्य घेतलं, तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण मिळालं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजलिसला अंतिम फेरीत पळाल्या, त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली, आणि ती माणदेशातली होती. तो विक्रम पुढे २०२३ मध्ये पारुल चौधरीनं मोडला.

यातली वयं नीट बघ. सतराव्या वर्षी ललिताताईंना देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं. मोठी वेळ आली ती सत्ताविसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं त्या पळत राहिल्या. कबूल आहे, तुझ्या घरी बारावीची मुदत आहे आणि दहा वर्षांची भाषा तिथे चालणार नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

दुसरं उदाहरण स्टीपलचेसच्याच अविनाश साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला ड्यूटी केली. २०१५ च्या सुमारास क्रॉसकंट्री, म्हणजे माळरानावरची लांब शर्यत, पळायला लागला, म्हणजे वीस-एकविसाव्या वर्षी. २०१८ मध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये डायमंड लीग या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धामालिकेत, पॅरिसला, तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वातीन सेकंद. आशियातला अव्वल धावपटू, पूर्णवेळ सराव, हाताशी कोच, डॉक्टर, सगळं. तरी वर्षाला सव्वातीन सेकंद. आणि हे सेकंद किती मोलाचे, तर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. केनियाचा किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलंच.

म्हणून तुझ्या अडकलेल्या वेळेनं मी घाबरत नाही. घाबरलो ते जिन्यावरच्या दमानं आणि नडगीनं. आधी त्या दोघांचं बघू, पळण्याचं नंतर.

दमाचं आधी. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या मुलीला जिना चढताना दम लागता कामा नये. लागत असेल तर पहिला संशय रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली, त्यात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. त्यात तू पळणारी. पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं, पाय आपटून रक्तपेशी फुटतात, आणि खाणं मात्र न पळणाऱ्या मुलीइतकंच. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घे. १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. १२ च्या वर असलं तरी जमल्यास फेरिटिनची तपासणी कर. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो साठा रिकामा असू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला सगळे आळशी म्हणत होते. शेवटच्या दोन राउंडला ती मागे पडायची. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. डॉक्टरांच्या गोळ्या आणि खाण्यातला बदल झाला, आणि काही महिन्यांत त्याच मुलीला सरावात आवरावं लागायला लागलं.

शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी निळी गोळी बाकावर ठेवून देत असशील तर आजपासून घे, तीही जेवणानंतर. जास्त डोस मात्र तपासणीशिवाय, डॉक्टरांना न विचारता घ्यायचा नाही. जेवणाबरोबर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. जेवणानंतर तास-दीड तासानं घे. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, मेथी, राजगिरा, अळीव हे आपल्याकडचंच आहे, वर लिंबू पिळ, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. खात असाल तर अंडी, मटण, मासे. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. भाकरी-दूध, केळं-शेंगदाणे, शिळ्या भाकरीचा कुस्करा, काहीही चालेल. उपाशीपोटी पळायचं आणि दहा वाजेपर्यंत तसंच राहायचं, हे बंद.

आणि एक गोष्ट, जी मुली कोचला सांगत नाहीत आणि बरेच कोच विचारतही नाहीत. पाळी तीन महिने आली नाही तर ‘पळते म्हणून होतं’ असं समजून गप्प बसू नकोस. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं, आणि त्याबरोबर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. या वयात हाड भरायचं असतं, ते नंतर भरून येत नाही. आईला सांग आणि डॉक्टरांकडे जा.

आता नडगी. खुर्चीत बस, पाय सैल सोड, आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ये. दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर तो स्नायूंचा ताण. पळणं निम्म्यावर आण, मातीवर पळ, पोटऱ्यांचे व्यायाम कर, बहुधा उतरेल. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग एक पाऊलही पळायचं नाही, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ असं कोणी म्हटलं तरी दुखणं असेपर्यंत थांब. ही चीर सहा ते आठ आठवड्यांत भरते. न थांबता पळत राहिलीस तर अख्खं वर्ष जाईल.

हे दोन्ही मार्गी लागलं की मग पळणं.

तू रोज पाच किलोमीटर २१ मिनिटांत पळतेस, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं १२ सेकंद. ३००० मीटर तू किलोमीटरला ३ मिनिटं ५३ सेकंदांनी पळतेस. रोजचा सराव आणि शर्यत यांत २० सेकंदांचासुद्धा फरक नाही, म्हणजे तू रोज जवळजवळ शर्यतच पळतेस. खरं वेगाचं काम करायला पाय ताजे राहत नाहीत आणि सावकाश पळल्यानं जे मिळतं तेही मिळत नाही. सावकाश पळल्यानं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, आणि हे महिनोन्‌महिने चालणारं काम असतं. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. म्हणून सहा महिने झाले की पोरांना वाटतं आता काहीही झेपेल, आणि नेमकी तेव्हाच दुखापत होते.

तुझ्या आजच्या वेळेवरून सांगतो. आठवड्यातले बहुतेक दिवस किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आसपास पळ. पळता पळता शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. पहिले पंधरा दिवस तुला लाज वाटेल, रस्त्यावरची भरतीची पोरं पुढे जातील. जाऊ दे. त्यांना १६०० मीटरचं ग्राउंड मारायचं आहे, तुझी वाट वेगळी आहे.

आठवड्यातून फक्त दोन दिवस जोर लावायचा. एक दिवस इंटरव्हल: १००० मीटर ३ मिनिटं ५५ सेकंद ते ४ मिनिटांत, मध्ये अडीच-तीन मिनिटं हळू जॉगिंग. सुरुवातीला असे तीन, मग चार, मग पाच. पाचवा पहिल्याइतक्याच वेळेत आला पाहिजे. पहिला ३:४० ला आणि शेवटचा ४:२० ला आला तर तो सराव फसला, कितीही घाम गाळला असलास तरी. दुसरा दिवस टेम्पोचा: वीस मिनिटं सलग, किलोमीटरला ४:२० ते ४:२५ नं. दोन्हींच्या मध्ये किमान दोन दिवस सावकाश पळण्याचे. रविवारी लाँग रन, आठ किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू बारा-चौदापर्यंत, तोही मुरमाड रस्त्यावर किंवा माळावर. डांबरी रस्ता जमेल तितका टाळ. एक दिवस पूर्ण विश्रांती. दर चौथ्या आठवड्याला सगळं अंतर पाऊणपट कर, मग पुढच्या आठवड्यात थोडं वाढव. आज तू आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर पळतेस. वर्षभरात पन्नासवर पोहोचलीस तरी खूप झालं. हे वेळापत्रक नडगी पूर्ण बरी झाल्यावरचं आहे, आजचं नाही.

स्टीपलचेससाठी एवढं पुरत नाही. ३००० मीटरमध्ये २८ बॅरिअर (आडवे पक्के अडथळे) आणि ७ वॉटर जंप (पलीकडे पाण्याचा खड्डा असलेले अडथळे) असतात. मुलींचं बॅरिअर ७६.२ सेंटिमीटर उंच असतं, आणि हर्डलसारखं ते धक्क्यानं पडत नाही, आपणच पडतो. ललिताताईंची रिओची वेळ किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं ७ सेकंद पडते, तीही ३५ अडथळे ओलांडून. तुझ्या वयाला २००० मीटर स्टीपलचेस असते, तिथून सुरुवात कर. गावात बॅरिअर मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. गुडघाभर उंचीचा बांबू दोन खुंट्यांवर सुटा आडवा ठेव, पाय लागला तर खाली पडेल असा. त्यावरून आधी उजवा, मग डावा, दोन्ही पाय पुढे घालून जायला शिक. सगळ्यांचा एक पाय ‘सोयीचा’ असतो. शर्यतीत गर्दीमुळे पावलं चुकतात आणि नेमका दुसरा पाय पुढे येतो. ज्याला दोन्ही पाय येतात तो थांबत नाही. वॉटर जंप मात्र जाणत्या कोचच्या देखरेखीखाली, खऱ्या ट्रॅकवरच. ओढ्यावरून उड्या मारून ते शिकायला जाऊ नकोस.

एक वही कर. रोज चार गोष्टी लिही: किती पळलीस, कसं वाटलं, किती तास झोपलीस, आणि अंथरुणातून उठण्याआधी मिनिटाला नाडीचे ठोके किती. ठोके चार-पाच दिवस नेहमीपेक्षा आठ-दहानं जास्त येत असतील तर शरीर थकलंय किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी जोराचा सराव रद्द. माझ्याकडच्या ज्या मुलांनी वही इमानानं ठेवली ती बहुतेक टिकली, हे मी ठामपणे सांगतो. कारण साधं आहे. वेळ अडकली की मन म्हणतं काहीच होत नाही, आणि वही दाखवते की मार्चमध्ये चौथ्या किलोमीटरला मोडत होतीस, सप्टेंबरमध्ये पाचही सारखे आले. चिकाटीला असा पुरावा लागतो. नुसत्या इच्छेवर माणूस वर्षानुवर्षं पहाटे उठत नाही.

आता घरच्यांबद्दल. हा परिच्छेद वडिलांना वाचून दाखव.

दादा, तुमची काळजी मला कळते. पोरीचं शिक्षण, लग्न, गावातली बोलणी, पैसा, सगळं तुमच्या डोक्यावर आहे. मी पदकाची हमी देत नाही, कोणीच देऊ शकत नाही. पण पळणं आणि पोट भरणं यांत एकच निवडावं लागतं असं मात्र नाही. अविनाशनं आधी सैन्यातली नोकरी धरली आणि तिथूनच तो घडला. ललिताताई आज शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी आहेत, त्या खेळाच्याच जोरावर. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सैन्यदलांत खेळाडूंची भरती होते, आणि पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावंच लागतं. दहावी-बारावीला क्रीडा गुणही मिळतात, पण त्यासाठी स्पर्धा आणि प्रमाणपत्रं नियमात बसणारी हवीत, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. म्हणजे पोरीची ही वर्षं फुकट जात नाहीत. तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतो. रात्री साडेआठला तिला झोपू द्या, पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलीला आठ तास हवेतच. आणि ज्या दिवशी तिचा जोराचा सराव असेल त्या दिवशी पाण्याच्या खेपा आणि खुरपणी दुसऱ्या कोणाकडे द्या. शेतातलं काम शरीराच्या हिशेबात सरावच असतं, ते वेगळं मोजलं जात नाही.

पोरी, अकॅडमीबद्दल विचारलं नाहीस, पण कोणीतरी विचारायला लावेलच. नाशिकला कविता राऊतसारखी आदिवासी पाड्यातली मुलगी विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली घडली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिनं घेतलं. अशी जागा, असा कोच मिळाला तर जरूर जा. जाण्याआधी तिथल्या दोन जुन्या मुलींना एकांतात गाठून विचार: दुखापत झाली तर काय करतात? जेवण कसं असतं? मुलींच्या वसतिगृहात बाई असतात का? आणि कोच किंवा कोणीही न सांगता काही टोचायला लागला, किंवा लेबल नसलेली ‘ताकदीची पावडर’ देऊ लागला, तर त्याच दिवशी घरी निघून ये. उत्तेजक चाचणीत सापडलीस तर बंदी तुझ्यावर येते. मला माहीत नव्हतं, सरांनी दिलं, हे कोणी ऐकून घेत नाही. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा स्पर्धेच्या दिवसांत डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ असं सांगूनच घे.

सुरुवात अशी कर. या आठवड्यात पळणं बंद, फक्त चालणं आणि पोटऱ्या-मांड्यांचे व्यायाम. सोमवारी रक्ततपासणी, नडगी डॉक्टरांना दाखव. बूट किती जुने आहेत ते बघ. सहाशे-सातशे किलोमीटर झाले असतील तर तळ बसलेला असतो, वरून चांगले दिसले तरी बदल. भारी कंपनीचे लागत नाहीत, मापाचे आणि ताजे लागतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं वीस मिनिटांपासून सुरू कर, आणि सलग अर्धा तास न दुखता पळता आल्यावरच वर लिहिलेलं वेळापत्रक धर.

त्यानंतर बारा आठवड्यांनी ३००० मीटरची चाचणी दे. दहावी-पंधरावी शर्यत असल्यासारखी, शांतपणे. ४०० मीटरचे पहिले दोन राउंड प्रत्येकी ९३ सेकंदांपेक्षा जोरात नकोत. पुढे अंगात शिल्लक असेल तर शेवटच्या किलोमीटरला सोड. वेळ ११:२५ आली तरी उत्तम, ११:४० च आली पण शेवटचा किलोमीटर सगळ्यांत वेगाचा झाला तरी मी ते उत्तमच म्हणेन. प्रत्येक राउंडची वेळ वहीत लिही आणि रक्ताच्या अहवालासकट मला कळव. पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक ते आकडे बघून ठरवू.